आळेफाट्यावरचा कांदा

मी आळ्याचा भागू रेडा बोलतोय. आमच्या गावात रेडा बोलला तर कुणी दचकत नाही. पूर्वी एकाने वेद म्हटले, त्याची समाधी आहे, दर्शनाला माणसं लांबून येतात. माझं बोलणं तेवढं पवित्र नाही. मी फक्त सरकारला कांद्याचं क्षेत्र कळवलं.

माझी आई मला जन्म देऊन लगेच गेली. भगवंतभाऊंच्या कारभारणीने, कुशाबाईने, मला बाटलीने दूध पाजून वाढवलं. रेडकू नर निघालं की माणसांचे चेहरे पडतात. नांगराला ट्रॅक्टर होता, मोट तर कधीच बंद झालेली. मी आपला दिवसभर रवंथ करायचो. भगवंतभाऊ येता-जाता म्हणायचे, "ह्याला बेल्ह्याच्या बाजारात काढला पायजे." बेल्ह्याचा बाजार सोमवारी भरतो. तिथून आमच्यातलं कुणी परत आलेलं मी पाहिलेलं नाही.

दोन हजार सहा सालच्या थंडीत नारायणगावहून डिंपल आली. तिचे वडील इंदरचंद किराणा दुकान चालवायचे. ती कॉम्प्युटर शिकली आणि पीकमोजणीच्या कंत्राटी कामाला लागली. तोवर पिकाचं क्षेत्र चावडीत बसूनच ठरायचं. 'कांदा किती?' 'आसंल एकरभर.' झालं. आता साबणाच्या वडीएवढं एक यंत्र आलं होतं. ते घेऊन शेताला फेरी मारायची आणि निघालो तिथं परत यायचं. मग यंत्र आभाळातल्या उपग्रहाला विचारून क्षेत्र काढायचं आणि ते सरकारच्या कॉम्प्युटरात जायचं.

भगवंतभाऊंनी नुकतंच कांद्याला पाणी दिलं होतं. बांध निसरडे झालेले. डिंपलने आपल्या चपलांकडे पाहिलं.

"काका, मी पडले तर यंत्रही जाईल."

"मग ह्या भागूच्या गळ्यात बांधा. चार पायाचा हाय, पडायचा न्हाई. मी धरून फिरवतो."

गोठा शेताच्या कडेलाच होता; तिथंच यंत्र माझ्या गळ्यात आलं आणि फेरी सुरू झाली. निम्मा बांध आम्ही नीट चाललो. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "लाईट आली." भगवंतभाऊ दावं टाकून मोटर चालू करायला धावले. लाईट आल्यावर माणूस दुसऱ्या कशाकडे बघत नाही.

मला वाटलं, फिरायचंच आहे तर नीट फिरावं. मी कालव्याच्या कडेने गेलो, गवत खाल्लं, पाण्यात बसलो. मग आळेफाट्याला गेलो. चौकात चारी बाजूंनी गाड्या हॉर्न वाजवत थांबल्या, तेव्हा मला जरा मान मिळाल्यासारखं वाटलं. एका टेंपोतला कोबी खाल्ला. दिवस कलला, तसा शाळेवरून घरी आलो. गोठ्यात पाय ठेवला आणि यंत्र टुकटुक वाजलं. फेरी पुरी झाली होती.

डिंपलला उशीर झाला होता. आकडा न बघताच ती यंत्र घेऊन गेली. सरकारच्या कॉम्प्युटरात आळेफाटा, एसटी स्टँड, पेट्रोल पंप आणि शाळा मिळून सगळा भगवंतभाऊंचा कांदा झाला.

मोजणीच्या कचेरीतले साहेब खुशीत आले. एवढा मोठा बागायतदार आजवर कसा राहून गेला, हे त्यांना कळेना. ते चौकात गाडीतून उतरले, हातातला नकाशा सरळ केला आणि उसाच्या गुऱ्हाळवाल्याला म्हणाले, "तुम्ही कांद्यात उभे आहात."

गुऱ्हाळवाल्याने पायाखाली पाहिलं. "मी इथं लई वर्षं हाय साहेब. कुणी बोललं न्हाई."

पुढे सगळा उलगडा झाला. डिंपलने काही लपवलं नाही. साहेबांनी डोकं धरलं, पण आकडा बदलेनात.

"हाताने बदलायची सोय नाही. फेरमोजणी करावी लागेल. पहिल्या वेळी जे साधन, तेच पुन्हा."

"म्हंजी रेडा?" भगवंतभाऊंनी विचारलं.

"रेडा. दावं कुणाच्या हातात होतं?"

"कुणाच्याच न्हाई."

"मग आताही धरता येणार नाही."

त्या दिवशी भगवंतभाऊ गोठ्यात आले आणि माझ्यासमोरच कुशाबाईला म्हणाले, "एकदा का ह्यो बांधाने सरळ फिरला, की येत्या सोमवारी बेल्हे. त्याच्या आधी इकता येत न्हाई, सरकारी साधन हाय."

हे ऐकल्यावर मी सरळ का चालावं, तुम्हीच सांगा. दुसऱ्या मोजणीला मी कालव्याच्या पलीकडे गेलो. डिंपल आकडा बघून हळूच म्हणाली, "काका, या वेळी कमी आहे. एसटी स्टँड सुटलं." मी हिरवं खात होतो, मजेत होतो.

पण उन्हाळा लागला. विहीर तळाला गेली आणि पाटाच्या पाण्याची पाळी आली. पाणी सोडणारे म्हणाले, नोंदीएवढ्या कांद्याला पाणी द्यायचं तर अख्खा कालवा लागेल. नोंदीपेक्षा कमी द्यायचा नियम नाही. म्हणून भगवंतभाऊंना थेंबही मिळाला नाही. शेजारच्या शेतात पाणी खळाळत होतं आणि आमच्या कांद्याची पात माना टाकत होती.

कुशाबाई विहिरीच्या तळातून घागरी भरून वाफ्याला घालायची. एका वाफ्याला पुरेपर्यंत आधीचा सुकायचा. एक दिवस ती रिकामी घागर घेऊन माझ्यापाशी येऊन बसली.

"भागू," ती म्हणाली, "सोमवारचं मलाबी ठावं हाय. तुला काय सांगायचं तोंड न्हाई मला. पर कांदा जळाया लागलाय रं." आणि उठून गेली.

तिसऱ्या मोजणीला सगळा गाव बांधावर जमला. माझ्या गळ्यात यंत्र बांधून डिंपलने गाठ दोनदा ओढून पाहिली. मी निघालो. कालव्याकडे हिरवं गवत वाऱ्यावर हलत होतं. मी मान खाली घातली आणि बांधाने चालत राहिलो. पहिला कोपरा वळलो, दुसरा वळलो. निघालो होतो तिथं आलो आणि यंत्र वाजलं. एकरभर. साहेबांनी घाम पुसला.

पाणी सुटलं. कांद्याने मान वर केली. आणि सोमवार उजाडला.

भगवंतभाऊंनी माझं दावं सोडलं. कुशाबाई लुगड्यांचं गाठोडं घेऊन दारात उभी होती.

"तू कुठं निघाली?"

"बेल्ह्याला. जो ह्याला घेईल, त्याच्याच घरी मी बी राहीन. ह्याला माझ्या हातचं लागतं."

"आन माझ्या भाकरीचं काय?"

"ते तुमी बाजारात इचारा. मिळंल कुनीतरी."

भगवंतभाऊंनी दावं परत खुंट्याला बांधलं. मग म्हणाले, "आज ऊन लई हाय. पुढच्या सोमवारी बघू."

त्याला आता बारा वर्षं होतील. डिंपलचं लग्न होऊन ती घोडनदीला गेली. मोजणीला नवी माणसं येतात आणि स्वतःच्या पायाने चालतात. मी थकलोय, डोळ्यांनी कमी दिसतं. तुमच्याकडे मागणं एवढंच, की दारात एखादं बिनकामाचं जनावर असलं तर त्याच्यासमोर बाजाराचा वार बोलू नका. आम्हाला कळतं.

आजही सोमवार आहे. भगवंतभाऊ ओसरीवर बसून आभाळाकडे बघताहेत. आभाळ भरून आलंय, उन्हाचा पत्ता नाही.

"ऊन लई हाय," ते म्हणाले.

"हाय की," आतून कुशाबाई म्हणाली, आणि माझी पेंड भिजवायला बसली.