न लागणारं चित्र

"चल की पुढे, दादा. तेल संपेल ना!"

"इथे नाही संपत. हा भिंतीवरचा दिवा दिसतो ना, याच्या उजेडात उभं राहिलं की आपल्या कंदिलातलं तेल जळत नाही. मीच ठेवलंय तसं. तू गप बस जरा."

धाकटा भाऊ गप्प बसला. लॅपटॉप वहिनींचा, उशी दादाच्या मांडीवर, उशीवर तो लॅपटॉप आणि माऊस डाव्या हातात. उजवा हात चार महिन्यांपूर्वीच्या पक्षाघाताच्या झटक्यापासून पांघरुणावर नुसता ठेवलेला असायचा, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. बोलणं मात्र बरंच सुधारलं होतं. दादा बोलायला लागला आणि घरात पुन्हा भांडणं सुरू झाली, असं वहिनी सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या.

पडद्यावर कंदील घेतलेला एक बुटका माणूस जिन्याच्या वळणावर उभा होता. एका ओसाड इमारतीत मजल्यामागून मजला उतरत जायचं आणि तेल संपायच्या आत तळाचं दार गाठायचं, एवढाच खेळ. थांबला तो संपला. दादाने तो पंचविशीत एकट्याने केला होता. प्रोग्रॅम त्याचा, चित्रं त्याची, पावलांचा आवाजसुद्धा त्याच्याच चपलांचा. त्या काळी खेळ बरा खपला. पुढे ती मशीनं गेली, विकणारी कंपनी बुडाली आणि दादाकडचा जुना कॉम्प्युटरही एक दिवस धूर काढून शांत झाला. त्यानंतर दादाने स्वतःचा खेळ पाहिला नव्हता.

तो आज दिसत होता तो धाकट्यामुळे. त्याची नोकरीच तशी होती. जुन्या खेळांचे हक्क घ्यायचे, ते आजच्या मशीनवर चालते करायचे आणि विकायचे, हा त्याच्या कंपनीचा धंदा. इतकी वर्षं हे खेळ एकाच ऑपरेटिंग सिस्टिमवर विकले जात. यंदा कंपनीने आणखी दोन सिस्टिमवर दुकान मांडायचं ठरवलं. त्या दोन सिस्टिमवाल्यांना बालपणीचे खेळ आजवर नुसते आठवून उसासे टाकावे लागत होते, आता पैसे टाकून खेळता येऊ लागले होते. जुन्या भांड्यांना चकाकी आणणारा म्हणून ऑफिसात धाकट्याला कल्हईवाला म्हणत. त्याला ते नाव आवडायचं. कल्हईवाल्याला भांडं कुणाच्या घरचं हे विचारायची गरज नसते, असं तो म्हणायचा. या वेळी मात्र भांडं घरचंच होतं. दादाचा खेळ यादीत घ्या म्हणून तो साहेबांच्या मागे हात धुऊन लागला होता, आणि आता तो खेळ तिन्ही सिस्टिमवर विकला जात होता. दादाने तो एकदा डोळ्यांनी पाहावा, यापलीकडे त्याला काही नको होतं.

"चहा गार झाला," वहिनी म्हणाल्या.

"होऊ दे. चहा गार होईस्तोवरच थांबायचं असतं."

"कशासाठी?" कल्हईवाल्याने विचारलं.

"बघ तू. समोरच्या भिंतीतली ती खिडकी बघ."

तिघांनी खिडकी पाहिली. काळोखा चौकोन, आत काही नाही. चहावर साय धरली. दादाने बुटक्याला एक पाऊल मागे घेतलं, पुन्हा दिव्याखाली आणलं आणि पुन्हा वाट पाहिली. या खेपेला वहिनी हातातलं काम टाकून पलंगाच्या कडेला बसल्या. खिडकी तशीच राहिली.

"मग नसेनच काढली मी," दादा शेवटी म्हणाला. त्याने माऊस सोडून दिला. "मनातच काढली असेन. डोकं फिरलंय माझं, धाकट्या. काय झालं आणि काय नाही, काही धरवत नाही आता."

"कोणाला काढली होतीस?"

"छोटीला."

कल्हईवाल्याला क्षणभर कळलंच नाही. या घरात ते नाव कुणी घेत नसे. दोघा भावांच्या मधली बहीण होती आणि ती लहानपणीच तापाने गेली, एवढंच तो जाणून होता. तो तेव्हा पाळण्यातला. त्याला लागण नको म्हणून मावशीकडे पाठवलं होतं.

"तिला अंगणापलीकडच्या खोलीत वेगळं ठेवलेलं," दादा भिंतीकडे बघत सांगू लागला. "मला आत सोडायचे नाहीत. मी अंगणात दिव्याखाली उभा राहायचो. खूप वेळ उभं राहिलं ना, की ती उठून खिडकीत यायची. नुसतं बघायची आणि जायची परत. मग एकदा उभाच राहिलो. आईनेच आत नेलं मला. नंतर तिचं सगळं जाळलं. कपडे, अंथरूण, फोटोसुद्धा. फोटोला काय लागण होते रे? पण जाळले. आणि नाव घ्यायचं बंद. मला वाटलं, कुठेतरी ठेवावं तिला. जिथे माणसं येतील-जातील. तिला माणसं बघायला आवडायचं. म्हणून खेळात ठेवली. म्हणजे, ठेवली असं वाटतंय."

इतक्या वर्षांच्या संसारात वहिनींनीही हे पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी गार चहाचा कप उचलून आत नेला.

कल्हईवाल्याला मात्र झाडू आठवला होता.

झाडू हा त्यानेच लिहिलेला छोटा प्रोग्रॅम. जुन्या खेळांत अडगळ फार असते: अर्धवट चित्रं, न वापरलेले आवाज. ती नव्या सिस्टिमवर वाहून नेली की कुठे ना कुठे अडकते. म्हणून ऑफिसचा शिरस्ता असा, की खेळ ज्याचं नावच कुठे घेत नाही ते न लागणारं समजायचं आणि फेकायचं. झाडू अख्खा प्रोग्रॅम वाचायचा आणि बिननावाचं सगळं लोटून द्यायचा. त्याच्यावर आणखी एक हुशारी कल्हईवाल्याने स्वतः केली होती. खेळाने एखादी गोष्ट मागितली आणि ती सापडली नाही, तर खेळ बंद पडू नये. गप्प बसून पुढे जावं. या हुशारीबद्दल गेल्या वर्षी साहेबांनी चारचौघांत त्याची पाठ थोपटली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बॅग खांद्यावरून न उतरवताच त्याने दादाचा मूळ प्रोग्रॅम उघडला. जिन्याचं वळण सापडलं. दादाने तिथे चित्राचं नाव घेतलंच नव्हतं. माणूस किती वेळ उभा राहिला, त्यावरून एक आकडा काढला होता आणि त्या आकड्याचं चित्र आणायला सांगितलं होतं. घरात जिचं नाव घ्यायचं नाही, तिचं नाव दादाने तिथेही घेतलं नव्हतं. झाडूला ते कसं कळावं!

मूळ प्रत शाबूत होती. त्याने चित्र उघडलं. अंगठ्याच्या नखाएवढं, मोजक्या ठिपक्यांचं. फिकट फ्रॉक, कानांपर्यंत कापलेले केस, खिडकीच्या कठड्यावर ठेवलेला हात. तोंडाच्या जागी चारच ठिपके, पण मान किंचित डावीकडे कललेली. कल्हईवाल्याने बाजूच्या काचेत स्वतःला पाहिलं. त्याचीही मान तशीच कलते; बायको त्यावरून चिडवायची.

"ताई," तो हळूच म्हणाला. जन्मात पहिल्यांदा म्हणत होता.

तो तडक साहेबांकडे गेला. साहेब माणूस वाईट नव्हता; दादाची रोज चौकशी करायचा.

"सुधारून पुन्हा पाठवायचा म्हणजे काय काय आलं माहितीय ना तुला?" सगळं ऐकून घेतल्यावर साहेब म्हणाले. "तिन्ही सिस्टिमवर पहिल्यापासून तपासणी. मग तिन्ही दुकानांची मंजुरी. तपासणीला माणसं दोन, आणि पुढचे खेळ रांगेत उभे आहेत."

"साहेब, एकच चित्र आहे हो."

"एक असो नाहीतर शंभर, तपासणी तेवढीच. इतक्या लोकांनी घेतलाय तो खेळ. एकाने तरी तक्रार केली?"

"कशी करतील? थांबलं की मरायचा खेळ आहे तो. कुणी थांबतच नाही तिथे."

"मग झालं तर. जी कुणी पाहिलीच नाही, ती गेली म्हणून कोण रडणार?"

बोलून गेल्यावर साहेबांनाच ते लागलं असावं. ते उठून त्याच्या शेजारी येऊन बसले. "असं करू, पुढच्या अपडेटमध्ये घालू. मी लिहून ठेवतो."

कल्हईवाल्याने मान हलवली. जुन्या खेळांना पुढचा अपडेट कधी येत नाही, हे त्या खोलीत दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. एकदा चालता झाला की त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही, हाच तर धंदा. आणि झाडूही आपलाच, बोलायचं कोणत्या तोंडाने?

त्याने एकच प्रत केली. चित्र जागेवर ठेवलं, खेळ आपल्या लॅपटॉपवर चढवला आणि निघणार तेवढ्यात वहिनींचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"भावोजी, दवाखान्यात आणलंय यांना. सकाळी उठले आणि म्हणाले, दिवा लाव. खिडकीतून ऊन येत होतं हो."

दुसरा झटका डोळ्यांमागे आला होता. डोळे धड आहेत, पण मेंदूला दिसत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आणि तिसरा येणार नाही असं काही त्यांनी सांगितलं नाही. वॉर्डाबाहेरच्या बाकावर कल्हईवाल्याने वहिनींना झाडूपासून साहेबांपर्यंत सगळं सांगून टाकलं. त्या ऐकून घेत होत्या.

"म्हणजे ती आता फक्त तुमच्या या मशीनवर आहे?"

"हो."

"आत चला," त्या म्हणाल्या.

दादाचे डोळे उघडे होते आणि छताकडे लागले होते. कल्हईवाला खुर्ची ओढून बसला आणि त्याने खेळ सुरू केला. दादाच्याच चपलांचा आवाज आला तशी दादाने मान वळवली.

"धाकट्या?"

"मीच. दादा, तू काढली होतीस तिला. तुझं डोकं ठीक आहे. माझ्या झाडूने लोटून दिली ती. मी न बघता फेकली. आता परत ठेवलीय."

दादाचा डावा हात चादरीवर पुढे सरकला. माऊस शोधत असावा. कल्हईवाल्याने तो हात आपल्या हाताखाली घेतला, आणि दोघांनी मिळून बुटक्याला जिना उतरवून दिव्याखाली आणून उभं केलं.

मग वाट पाहणं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता. परिचारिका एकदा डोकावून गेली. वहिनी पायथ्याशी उभ्या होत्या.

"आली?"

"नाही अजून."

"येईल. घाई नको करू."

खिडकीत काहीतरी हललं.

"आली, दादा!"

"काय करतेय?"

"उभी आहे. फ्रॉक घातलाय. कठड्यावर हात आहे. मान अशी, जराशी डावीकडे."

"अशीच बघायची," दादा म्हणाला. त्याचं अर्धं तोंड हसलं. मग थोड्या वेळाने त्याने विचारलं, "हा खेळ घेतात त्या सगळ्यांना दिसते ना रे ती?"

वहिनींनी कल्हईवाल्याकडे पाहिलं.

"दिसते की," तो म्हणाला. "नव्या सिस्टिमवाल्यांनी तर डोक्यावर घेतलंय. लोक लिहितात, जिन्यावर थांबा, खिडकीत एक मुलगी येते म्हणून. मुद्दाम थांबतात."

"थांबतात?"

"खूपजण थांबतात."

दादाने श्वास सोडला. पडद्यावरची मुलगी वळली आणि आत गेली. खेळ लिहिताना दादानेच तिला तेवढा वेळ दिला होता. खिडकीत पुन्हा काळोख झाला.

"गेली का?" दादाने विचारलं.

"नाही," कल्हईवाला म्हणाला. रिकाम्या चौकोनाकडे बघत त्याने दादाचा हात घट्ट धरला. "आहे अजून. तुझ्याकडेच बघतेय."