एकाच फळीवरचे खिळे

भिंतीला कान असतात असं तुम्ही माणसं म्हणता. असतात हो, चांगले तिखट असतात. नसतं ते तोंड. ते असतं तर मी एका माणसाला वेळेवर चार शब्द सुनावले असते आणि आज असं रडगाणं गात बसले नसते. आता फार उशीर झालाय, पण सांगते. मी बाते हिग्वेरो या ऊसतोड्यांच्या वस्तीतल्या बेसबॉल मैदानाची भिंत.

माझा जन्म काही थाटामाटात झाला नाही. साखर कारखान्याच्या गोदामाचं छप्पर एका वादळात उडालं. ते पत्रे वस्तीतल्या लोकांनी गोळा केले आणि मैदानाच्या कडेनं ओळीत उभे केले. डाव्या बाजूला पत्रे कमी पडले. तिथं ऊस वाहणाऱ्या मोडक्या वाघिणीच्या फळ्या आडव्या ठोकल्या. त्यामुळे मी अंगानं पत्र्याची आणि डाव्या खांद्यानं लाकडाची. उंची एखाद्या उंच गड्याएवढी. चेंडू माझ्या डोक्यावरून गेला की होमरन. मारणारा रमतगमत चक्कर मारून घरी येतो आणि कुणी त्याचं काही वाकडं करू शकत नाही. माझं काम एवढंच, की जागच्या जागी उभं राहायचं.

आमच्या संघाचं नाव बगळे. माझ्या मागे बदामाच्या झाडाखाली दोन्या ओविदियाची कढई असे. दोन्या म्हणजे आमच्याकडे मानानं म्हणायचं 'बाई'. ती यानिकेके तळायची, चांगल्या ताटलीएवढ्या कुरकुरीत पुऱ्या. तिची जीभ त्या तेलापेक्षा गरम. ती म्हणायची, "नाव अगदी शोभतंय बाई. रविवारभर एका पायावर उभे राहतात आणि संध्याकाळी मान खाली घालून घरी जातात."

ती उगाच नव्हती बोलत. आमच्या पोरांना होमरन मारताच येत नसे, आणि समोरच्यांचे होमरन थांबता थांबत नसत. लोक म्हणत नशीब, कुणी म्हणे नजर लागली. मी मात्र सगळं समोरून पाहत होते. आमची पोरं ऊस तोडणारी. सहा दिवस कमरेत वाकून उसाच्या बुडख्याशी घाव घालायची. सातव्या दिवशी हातात बॅट आली तरी घाव तोच, वरून खाली. चेंडू जमिनीवर आपटायचा आणि गवतातून सरपटत जायचा. तिकडे सान लिनो वस्तीचा संघ, नाव सांड. ते होते उसाच्या मोळ्या वाघिणीत भरणारे. त्यांचे हात सहा दिवस खालून वर जायचे. रविवारीही तसेच जायचे, आणि चेंडू माझ्या डोक्यावरून थेट ओविदियाच्या कढईपाशी.

ते चेंडू टाकणारा आमचा नेरेओ. कारखान्यात यंत्रांना तेल-वंगण घालायचा. वय अडतीस, खांदा दुखरा, पण आमच्याकडे दुसरा पिचर होताच कुठे! सरळ स्वभावाचा माणूस आणि चेंडूही तसाच सरळ, बरोब्बर छातीच्या उंचीवर.

"अरे लेका," ओविदिया ओरडायची, "हे चेंडू तळून विकायला लागले ना, तर वर्षात दुमजली घर बांधेन मी!"

"बांधा दोन्या, वरचा मजला मला भाड्यानं द्या," तो हसून म्हणायचा. हसायचा खरा, पण मी त्याचा चेहरा पाहिलेला आहे.

आता त्या खिळ्यांचं सांगते. कारखान्यात एक जुना रिवाज होता. ज्याच्या चुकीनं चरक बंद पडला, त्यानं स्वतःच्या हातानं फाटकाच्या खांबात एक खिळा ठोकायचा. शिक्षा नाही, शिवी नाही. फक्त खिळा. नेरेओनं तो रिवाज मैदानावर आणला. त्याच्या चेंडूवर होमरन गेला की सामना संपल्यावर तो हातोडी घेऊन माझ्या मागच्या बाजूला यायचा आणि सगळ्यात वरच्या फळीत एक खिळा मारायचा. पत्र्यात खिळा धरत नाही, म्हणून फळी. आणि दरवेळी तीच फळी, कारण तिथं बदामाची सावली होती.

आमच्या कुणी होमरन मारला तर मात्र सोहळा. त्यानं निळ्या रंगात पंजा बुडवायचा आणि माझ्या पुढच्या बाजूला उमटवायचा. म्हणजे पोटावर आमचे पंजे आणि पाठीवर खिळे. पहिल्या हंगामाच्या शेवटी पंजे होते नऊ. खिळे सदतीस. ओविदियानं त्या खिळ्यांवर झारा, फडकं आणि मिठाची पिशवी टांगायला सुरुवात केली होती.

त्या वर्षी आम्ही शेवटून दुसरे आलो. मग एलिहियो मास्तरांना युक्ती सुचली. हे ऊस तोलायच्या काट्यावरचे आणि आमच्या संघाचे गुरू. हिशेबाला पक्के, असं त्यांचं त्यांनाच वाटे. ते माझ्यापाशी आले, पाठ टेकली आणि म्हणाले, "पोरांनो, दोष तुमचा नाही, या भिंतीचा आहे. ती लांब आहे. हिला वीस पावलं आत आणू."

नेरेओनं डोकं खाजवलं. "पण मास्तर, ती आपल्याला जवळ येईल तशी त्यांनाही येईल की."

"वेडा आहेस. त्यांचे चेंडू तसेही बाहेरच जातात ना? बाहेर गेलेला चेंडू आणखी किती बाहेर जाणार? फायदा झाला तर आपलाच!"

"वा मास्तर!" सगळे ओरडले. डाव्या मैदानात खेळणाऱ्या सिरियाकोनं तर टोपी उडवली. नेरेओ गप्प बसला. बहुमतापुढे भला माणूस गप्प बसतो, आणि भिंतीचं मत कोण विचारतो?

कारखान्याचा ट्रॅक्टर आणला, मला खांबांसकट उपटलं आणि वीस पावलं आत रोवलं. ओविदियाही कढई, बाकडं उचलून माझ्यामागे आली. बदामाची सावली तेवढी मागे राहिली. पण फळी तीच होती आणि नेरेओची सवयही तीच.

पुढच्या हंगामात आमच्या पोरांचे पंजे नवाचे सोळा झाले. केवढा आनंद! पण मास्तरांच्या हिशेबातून एक गोष्ट निसटली होती. समोरच्यांचे जे चेंडू पूर्वी सिरियाको माझ्याजवळ येऊन आरामात झेलायचा, ते आता त्याच्या डोक्यावरून जाऊ लागले. एकट्या त्या हंगामात साठ होमरन गेले. जुने धरून पाठीवर सत्त्याण्णव खिळे झाले.

"मास्तर, भिंत परत मागे न्या," नेरेओ म्हणाला.

"नेऊ, नेऊ. ट्रॅक्टर मोकळा झाला की." तोडणीचे दिवस होते. ट्रॅक्टर काही मोकळा झाला नाही.

इकडे माझ्या आत काय चाललं होतं ते कुणाला ठाऊक? साठाव्या खिळ्याच्या आसपास त्या फळीत पहिली बारीक चीर गेली. केसाएवढी. पुढच्या खिळ्यानं ती दुसऱ्या भोकापर्यंत पोचली, मग तिसऱ्या. नेरेओ मन लावून, सरळ रेषेत ठोकायचा हो! एकाखाली एक ठोकले असते, इकडेतिकडे ठोकले असते, तर बिघडलं नसतं. मी कुरकुरायचे, करकरायचे. ओविदिया म्हणायची, "वारा सुटलाय वाटतं." आणि सिरियाकोची सवय अशी, की उंच चेंडू आला की धावत यायचं, उजव्या हातानं नेमकी तीच वरची फळी पकडायची आणि अंग वर खेचून डाव्या हातमोज्यात चेंडू घ्यायचा. दरवेळी त्याचा हात पडला की माझा जीव टांगणीला लागायचा.

हंगाम संपत आला तशी कारखान्यातून चिठ्ठी आली. शेवटचा येईल तो संघ पुढच्या वर्षी नाही आणि त्याचं मैदान उसाच्या ट्रकना उभं राहायला जाणार. तळाला दोनच संघ होते, आम्ही आणि नवलाची गोष्ट म्हणजे सान लिनो. होमरन मारण्यात ते वाघ, पण झेलण्यात भोकं पडलेली परडी! शेवटचा सामना आमच्यातच. जिंकेल तो राहणार.

त्या रविवारी नेरेओ सगळ्यांच्या आधी आला. माझ्या मागे उभा राहिला. खिळ्यांवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग हळूच म्हणाला, "आज एकही नको गं बाई. मैदान माझ्या चेंडूंनी गेलं असं व्हायला नको." मला इतकं भरून आलं! अरे बाबा, बोट जरा दाबून फिरव, चीर लागेल हाताला. पण त्याचा अंगठा वंगणानं आणि कामानं असा निबर झालेला, की त्याला चीर कुठली कळायला.

सामना काय सांगू! नेरेओ त्या दिवशी जन्मात टाकला नसेल असा चेंडू टाकत होता. खाली, गुडघ्याशी. सांडांचे हात वर जायचे आणि चेंडू खालून निघून जायचा. ओविदिया कढई सोडून माझ्या फटीला डोळा लावून उभी. "शाब्बास माझ्या राजा! अस्सं! जळू दे आज यानिकेके!"

नववा, म्हणजे शेवटचा डाव आला. आम्ही तीन, ते दोन. त्यांचे दोन गडी बाद, एक गडी मधल्या बेसवर उभा. एकच गडी बाद करायचा होता. मारायला आला बाल्बिनो, मोळी भरणाऱ्यांतला सगळ्यात दांडगा. नेरेओनं खांदा दाबला. मी पाहिलं, खांदा गेला होता. चेंडू सुटला तो छातीच्या उंचीवर, जुना, सरळ.

टण्ण! चेंडू वर चढला आणि माझ्याकडे निघाला. पूर्वीच्या जागी असते, तर सिरियाकोनं तो उभ्या उभ्या झेलला असता. आता तो माझ्यावरून वीतभरच जाणार होता. पण सिरियाकोला वीतभर म्हणजे काहीच नाही. तो धावत आला, उडी मारली, उजव्या हातानं वरची फळी पकडली आणि अंग वर खेचलं.

मी धरून ठेवायचा प्रयत्न केला हो. देवाशपथ केला. पण एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत फळी लांबीत चिरली आणि तिचा वरचा भाग सिरियाकोच्या हातात आला. तो खाली कोसळला. चेंडू त्याच्या हातमोज्याच्या बोटांना चाटून पलीकडे गेला आणि ओविदियाच्या पिठाच्या परातीत पडला.

बेसवरचा आणि बाल्बिनो, दोघंही घरी आले. ते चार, आम्ही तीन. त्या डावात आमची पाळी बाकी होती. तिघांनी तीन चेंडू जमिनीवर आपटले, बुडख्याशी, वरून खाली. संपलं.

नेरेओ चालत चालत माझ्यापाशी आला. सिरियाको अजून जमिनीवरच बसला होता, हातात ते लाकूड. "मी पोचलो होतो रे," तो म्हणाला, "आईशपथ पोचलो होतो. फळी मोडली."

नेरेओनं ते लाकूड हातात घेतलं. उलटं केलं. फाटलेल्या कडेला अर्धी अर्धी भोकं होती, ओळीनं. तो किती वेळ बघत राहिला. मास्तर टोपी काढून उभे. त्याला काय दिसतंय ते एकेकाला उमगत गेलं, आणि मग कुणाला त्याच्याकडे बघवेना.

रिवाज तो रिवाज. त्यानं हातोडी काढली, खिळा काढला. फळीचा खालचा भाग अजून माझ्या अंगावर होता, त्यावर खिळ्याचं टोक टेकवलं. हातोडी उचलली आणि तशीच धरून राहिला.

"नको," तो म्हणाला. "फुटेल ती." आणि खिळा खिशात टाकला.

ओविदियानं जन्मात पहिल्यांदा टोमणा मारला नाही. पिठातला चेंडू पुसून तिनं बाजूला ठेवला. "ये लेका, काहीतरी खा," एवढंच म्हणाली.

आता मैदानावर ट्रक उभे असतात. माझे पत्रे लोकांनी घरांवर घातले. ओविदियानं फळ्या नेल्या आणि आपल्या टपरीची पाठ केली. तिनं त्या उलट्या बसवल्या, खिळे आत आले आणि त्यांवर तिचे झारे लटकतात. बाहेरच्या बाजूला दोन निळे पंजे अजून दिसतात. बाकीचे पत्र्यांबरोबर गेले.

नेरेओ दर रविवारी येतो. बाकड्यावर बसून मला पाठ टेकतो. खिशातून तो अठ्ठ्याण्णवावा खिळा काढतो आणि बोटांत फिरवत बसतो. ओविदिया म्हणते, "टाक तो फेकून." तो मान हलवतो. मला त्याला सांगायचंय, ठोक रे राजा, ठोकून मोकळा हो, आता माझ्यात फुटायचं काही उरलेलं नाही. आणि ती चूक तुझ्या एकट्याची नव्हती. पण सांगू कशी? तो यानिकेके संपवतो, खिळा परत खिशात ठेवतो आणि ट्रकांमधून वाट काढत घरी जातो.