सरळ खांदा

आमच्या ह्यांचा पुतळा उभारायचं ठरलं तेव्हा बाजारात दुसरा विषयच नव्हता. पुतळा म्हणजे घोड्यावर बसलेला नाहीतर कुठेतरी बोट दाखवणारा, एवढंच लोकांना ठाऊक. हे तर हातगाडी ओढायचे. गाडीचा पट्टा वर्षानुवर्षं डाव्या खांद्यावर घेऊन तो खांदा उजव्यापेक्षा चांगला चार बोटं खाली उतरला होता आणि मान त्याच बाजूला कललेली असायची. बाजार त्यांना वाकडोबा म्हणायचा. चिडले की मीही म्हणायचे. त्यांना त्याचं कधी काही वाटलं नाही.

शहराने म्हणे गरिबीत जगणाऱ्या माणसांचा सन्मान करायचं मनावर घेतलं होतं. गरिबी आहे तशी ठेवून सन्मान तेवढा करायचा, याची मला गंमतच वाटली, पण आमचं ऐकतंय कोण. पुतळा करणाऱ्या बाई बाजारभर हिंडल्या आणि एवढ्या माणसांतून त्यांनी ह्यांना निवडलं. पहिल्या दिवशी हे दाढी करून, शेजाऱ्याचा इस्त्रीचा शर्ट मागून घालून गेले. बाईंनी आल्या पावली परत पाठवलं, रोजच्या कपड्यांत या म्हणाल्या. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. सन्मान करायचा तर चांगल्या कपड्यांत का नको, असं त्यांनी मला विचारलं.

पुढे मात्र त्यांना तिथे जायला आवडायला लागलं. दुपारभर नुसतं उभं राहायचं, ओढायला काही नाही. एकदा मीही बघायला गेले आणि दारातच थबकले. मातीचे हे समोर उभे होते. उतरलेला खांदा, कललेली मान, बसलेले गाल, ओठावरची जुनी खूण, काही म्हणजे काही सुटलं नव्हतं. "बघ तुझा वाकडोबा," हे म्हणाले. फार खूश होते.

त्या थंडीत त्यांच्या छातीत कफ भरला आणि त्यातच ते गेले. पुतळा तेव्हा धातूत ओतायला कारखान्यात गेला होता. घरात त्यांचा धड एक फोटो नाही. ओळखपत्रावर होता, त्याला ओल लागून नुसता एक कान उरलेला. लेकीचे दिवस भरत आले होते. बाळाला आजोबा कसे दाखवू, म्हणून ती रडायला लागली. मी म्हटलं, वेडे, पुतळा आहे ना. तिची समजूत काढता काढता माझीही निघाली. त्यानंतर मी त्या पुतळ्याच्याच आशेवर दिवस काढले.

माझा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात कामाला. पुतळा अख्खा ओतत नाहीत, हे त्याच्याकडूनच मला कळलं. डोकं वेगळं, हात वेगळे, धड वेगळं, मग सगळं जोडायचं, कमी पडेल तिथे धातू भरायचा आणि जोड घासून दिसेनासे करायचे. ते काम त्याचं. बाई तेव्हा दुसऱ्या कामासाठी परदेशी होत्या. भाऊजींना दुसऱ्या कोणाचा हात लागू देणार नाही, असं त्याने मला सांगितलं आणि कारखाना सुटल्यावरही तो थांबून काम करायला लागला. एकदा बघू दे म्हणून मी किती मागे लागले. पण त्याचं आपलं एकच, समारंभाच्या दिवशीच बघ.

समारंभ झाला तोवर बाळ मान धरायला लागलं होतं. गरिबीवर बोलणारे सगळे मांडवाच्या सावलीत आणि आम्ही बाजारातली माणसं उन्हात. भाषणं झाली, कापड ओढलं, टाळ्या पडल्या. मी वर पाहिलं.

दोन्ही खांदे एका रेषेत. मान ताठ. गाल भरलेले, ओठावरची खूण घासून साफ केलेली, सदऱ्याची फाटकी बाहीसुद्धा सांधलेली. माणूस देखणा होता, पण माझ्या ओळखीचा नव्हता. लेकीने बाळाला दाखवायला वर उचललं होतं. तिने ते हळूच खाली घेतलं.

भाऊ माझ्याजवळ आला. त्याचे डोळे भरले होते. "तेव्हा शर्ट घालून गेलेल्या भाऊजींना परत पाठवलं होतं ना, ताई? म्हटलं, आता कायमचे उभे राहणार, तर नीट उभे राहू देत."

मला त्याचा इतका राग आला की तिथेच त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. मी दोन्हींतलं एकही केलं नाही.

तेवढ्यात बाई आल्या. त्या सकाळीच परतल्या होत्या आणि पुतळा माझ्यासारखाच पहिल्यांदा बघत होत्या. मागून कारखान्याचे मालक, साच्यातून आलं तसंच जोडलंय, असं घोकत. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मातीचा मोडला, साचाही मोडला. पण मला ते आठवताहेत, मी पुन्हा करीन. हे ते नाहीत, एवढंच तुम्ही सांगा. हा मी आजच्या आज उतरवते. आणि ज्याने हे केलंय, त्याला या धंद्यात कोणी उभं करणार नाही."

मालकांनी भावाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. आपण काय करून बसलो, हे त्याला तेव्हा कळलं. घरात खाणारी एवढी तोंडं आणि मिळवता हा एकटा. लहानपणी मीच त्याला कडेवर घेऊन हिंडवलेला. मी लेकीकडे पाहिलं. ती बाळाच्या डोक्यावर पदर धरून उभी राहिली.

"असेच होते ते," मी म्हटलं. "तुम्ही त्यांना कामावरचे पाहिलेत, बाई. घरी येऊन पट्टा उतरवला की असेच सरळ उभे राहायचे."

बाईंनी एकदा वर पुतळ्याकडे पाहिलं. मला हे माहीत नव्हतं, असं कसंबसं म्हणाल्या आणि गेल्या. मालकांचा जीव भांड्यात पडला.

भावाला खरं ठाऊक होतं. घरातले भाऊजी त्याने काय कमी पाहिले होते? त्याची नोकरी टिकली, पण तो त्या रस्त्याने जात नाही आणि माझ्या नजरेला नजर देत नाही. लेक मुलाला तिथे नेते. आजोबा कुठे विचारलं की तो बरोबर वर बोट दाखवतो, आणि आम्ही दोघी हो म्हणतो.

परवा हे स्वप्नात आले. खांदे सरळ, मान ताठ. दारात येऊन उभे राहिले, आणि मी विचारलं, कोण पाहिजे आपल्याला?