माझी काच उलटी बसवली आहे

मी बोलतोय तो मार्थीझच्या केस कापायच्या दुकानामागच्या खोलीतून, कपाटाच्या माथ्यावरून. एका बाजूला केसांच्या रंगाची खोकी, दुसऱ्या बाजूला तुटकी खुर्ची, अंगावर जुना टॉवेल. मी घरी बनवलेला प्रोजेक्टर आहे आणि मी संतापलेलो आहे. गोड गोड काही ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा.

कारखान्यात जन्मलेल्यांचं बरं असतं. सगळे अवयव एका मापाचे, सोबत कागद, कागदावर नकाशा. माझा जन्म झाला कपड्यांच्या कपाटाच्या एका खणात. तो खण म्हणजेच माझं अंग. आणि मला घडवणारी बाई, ही मार्थीझ, पन्नाशीची, हातात आयुष्यभर कात्री, विजेच्या कामाचा अनुभव म्हणाल तर बल्ब बदलण्यापुरता.

तिचे वडील वेन्झू वसंतात गच्चीवरच्या सशांना पाला घालून उतरताना जिन्यावरून पडले. पाठीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, उताणं झोपायचं, मान वळवायची नाही, उशीसुद्धा नाही. टीव्ही कोपऱ्यात नुसता बडबडायचा, त्यांना दिसायचं फक्त छत. ऐंशीच्या घरातला तापट माणूस आणि समोर चोवीस तास पांढरं छत. घरातल्या सगळ्यांवर खेकसायचे.

त्यात मेलबर्नच्या चुलतभावाने एक जुनं चित्रण पाठवलं. बावीस वर्षांपूर्वीच्या गावातल्या संताच्या उत्सवाचं, त्याने स्वतः देवळासमोरच्या सज्ज्यातून टिपलेलं. मार्थीझने ते फोनवर पाहिलं, तर माणसं मुंग्यांएवढी आणि वर कागदी फुलांचा पाऊस. वेन्झूंनी ऐकलं मात्र, हट्टच धरला. मला ते बघायचंय, मोठ्ठं बघायचंय, मरायच्या आधी बघायचंय.

मग दुकानातून तयार प्रोजेक्टर का नाही आणला? अहो, गावात विजेच्या सामानाचं दुकान एकच, आणि ते खालच्या बँडवाल्यांचं. गावात बँड दोन, त्यांचे क्लब दोन, आणि दोघांत पिढ्यांचं वैर; वेन्झूंचं घराणं वरच्या बँडचं. त्यांचा संत वेगळा, आमचा संत वेगळा. "त्या दुकानातली वस्तू या घरात आली तर मी गच्चीवरून उडी टाकीन," वेन्झू म्हणाले. त्यांना कुशीवर वळता येत नव्हतं, पण मार्थीझ घाबरली. मी जन्मलो तो असल्या वेडेपणातून.

शाळेने टाकून दिलेल्या जुन्या यंत्राचं भिंग आणि बारीक रेषांचे दोन प्लास्टिकचे पत्रे. विमा कचेरीतल्या मेलेल्या मॉनिटरची काच, चित्र उमटतं ती. केस वाळवायच्या टोपातला पंखा. एक जबर दिवा. एवढं गोळा झालं आणि माझे हाल सुरू झाले. काच सोडवताना बाईने तिला जोडलेली नाजूक फीत ओढली. तेव्हापासून माझ्या चित्रातून एक काळी उभी रेघ जाते. रेषांचे पत्रे उलट्या तोंडाने बसवले, चित्राच्या मधोमध नुसता उजेडाचा गोळा. तीन वेळा काढले, तीन वेळा घातले. पंखा जोडायच्या आधीच दिवा लावून बघितला, तर माझ्या काचेचा वरचा कोपरा भाजून तपकिरी झाला. ती "अरेरे" म्हणाली. अरेरे! भाजलं मला.

हे सगळं मी सोसलं. शिकाऊ हात आहेत, चुकणारच. खरी चूक पुढे झाली, आणि ती मी अजून माफ केलेली नाही.

चित्र छतावर टाकायचं म्हणजे माझ्या तोंडासमोर तिरपा आरसा हवा. तिने घेतला तो दुकानातला हातआरसा, केस कापून झाल्यावर बायकांना मानेमागचं दाखवायचा. आरशाने चित्र उलटतं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. म्हणजे माझी काचही उलटून बसवायला हवी होती. इतकी साधी गोष्ट! पण तीस वर्षं ही बाई गावातली सगळी तोंडं आरशातच बघत आलेली. तिला आरशातलं जगच सरळ वाटतं. समुद्रातल्या होडीचं चित्र लावून बघितलं. होडी डावीकडे चाललीय की उजवीकडे, कोणाला पडलंय? "जमलं, बाबा!" म्हणाली, आणि बापलेक दोघंही रडले. मला मात्र तेव्हाच कळलं होतं की माझ्या हातून काहीतरी वाईट होणार.

आता त्या चित्रणात काय होतं ते ऐका.

उत्सवाच्या संध्याकाळी संताची मूर्ती देवळाच्या दारातून बाहेर निघते, खांद्यांवर. पुढच्या दोन दांड्यांखाली तेव्हा दोन भाऊ असायचे, थोरले वेन्झू आणि धाकटा सालवू. सव्वीस वर्षं त्याच जागा. वेन्झूंच्या खांद्यावर लिंबाएवढा घट्टा पडलाय. त्या वर्षी पायऱ्या उतरताना पुढची बाजू खचली, मूर्ती कलंडली आणि संताचं बोट तुटलं. बँड थांबला. गाव थिजलं. सालवू म्हणाला, वेन्झूचा गुडघा गेला. वेन्झू म्हणाले, माझा नाही. कागदी फुलांच्या पावसात कोणाला काही दिसलं नव्हतं. क्लबने सालवूचं ऐकलं. वेन्झूंची जागा गेली, क्लबच्या भिंतीवरचा त्यांचा फोटो उतरवला गेला. दोघे भाऊ पुन्हा बोलले नाहीत. दोन वर्षांपूर्वी सालवू वारला.

वेन्झू अंथरुणाला खिळल्यापासून सालवूची बायको चेट्टा रोज दुपारी भोपळ्याचं सूप घेऊन यायची. भली बाई. पण डबा ठेवताना रोज एकच वाक्य, "भाऊजी, माझ्या मनात काही नाही हो." म्हणजे गुन्हा तुमचाच, मी आपली माफ केलाय. वेन्झू सूप गिळायचे आणि वाक्यही गिळायचे. मी त्या खोलीत पंधरा दिवस होतो, माझं पित्त खवळायचं. त्यांचं काय होत असेल?

उत्सवाला दहा दिवस उरले असताना भर दुपारी खिडक्या लावून मार्थीझने मला पेटवलं. खोलीत ती, अंथरुणावर ते, खुर्चीत चेट्टा. छतावर देऊळ उमटलं, दार उघडलं, पांढऱ्या झग्यांतली माणसं माना खाली घालून बाहेर पडली. चेहरा एकाचाही दिसेना. पण समोरून बघताना वेन्झू उजव्या हाताला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि माझ्या छतावर उजव्या हाताचा माणूस मटकन गुडघ्यावर बसला. डाव्या हाताचा क्षणभर एकटा तोलून उभा राहिला, मग त्याच्याबरोबर ओढला गेला.

"परत लाव," वेन्झू म्हणाले.

परत लावलं. तीनदा लावलं. मग ते इतक्या हळू बोलले की मला माझ्याच पंख्याचा राग आला. "म्हणजे मीच. बावीस वर्षं मी सगळ्यांना खोटारडं म्हणत होतो, आणि मीच."

चेट्टाने डोळे पुसले आणि आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं.

सांगा, मी काय करायचं होतं? मी खोटं बोललो होतो. माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलं होतं. मी पंखा घरघरवला, दिवा फडफडवला. मार्थीझ म्हणाली, "तेल घालायला हवं वाटतं."

वेन्झूंचं खाणं सुटलं. खेकसणंही सुटलं, आणि तेच जास्त वाईट होतं. रोज दुपारी मला लावायला सांगायचे आणि स्वतःला पडताना बघत राहायचे. मला वाटायचं, दिवा फुटून जावा.

चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मार्थीझ, वर त्या तपकिरी डागात काय आहे?"

"देवळावरचं घड्याळ आहे, बाबा. रंगवलेलं."

"किती वाजलेत त्यात?"

ती पलंगाशेजारी उभी राहून मान वर करून बघत राहिली. "एकला दहा कमी."

"एकला दहा?" वेन्झूंच्या आवाजात जुना खेकसा आला. "अगं, प्रार्थनेच्या वेळेबाबत सैतानाला फसवायला काढलंय ते. माझ्या आज्यापासून त्यात अकरा वाजून दहाच वाजतात. हलणार कसं ते? रंगाचं घड्याळ!"

मार्थीझने फोन काढून त्यावर तेच चित्रण लावलं. फोनवर अकरा दहा. छतावर एकला दहा कमी. तिने कपाळावर हात मारून घेतला, आणि मग आरशाकडे अशी बघायला लागली, जणू तो तिला जन्मात पहिल्यांदाच दिसत होता.

स्क्रू निघाले. काच निघाली, उलटली, बसली. त्या दिवशी मला जरासुद्धा दुखलं नाही. पुन्हा दिवा लागला. अकरा दहाच्या घड्याळाखालचा माणूस, म्हणजे वेन्झू, सव्वीस वर्षं त्याच घड्याळाखालून निघालेले, ताठ उभे. दुसऱ्या बाजूचा सालवू खाली गेला. एकट्या वेन्झूंनी संताला पेललं होतं. किती वेळ? श्वास घेऊन सोडण्याइतका. पण पेललं होतं.

काय संतापले म्हणून सांगू! मेलेल्या भावाला त्यांनी नावं ठेवली, त्याच्या जिभेला ठेवली, त्याच्या दाढीला ठेवली, लहानपणी त्याच्यासाठी चोरलेल्या अंजिरांचासुद्धा उद्धार केला. सुपाचा चमचा छताकडे भिरकावला तो माझ्या भिंगावर आदळला. हा बघा ओरखडा. मला तो दागिन्यासारखा वाटला. त्या घरात पहिल्यांदाच माझ्याइतकं कोणीतरी चिडलं होतं.

मार्थीझने केव्हाच चपला घातल्या होत्या. क्लबात जाते, अध्यक्ष निनूलाच धरून आणते, म्हणाली.

"थांब," वेन्झू म्हणाले. मग सांगायला लागले. त्या हिवाळ्यात गोदीत सालवूचा गुडघा चेचला होता. उत्सवाच्या आठवडाभर आधी तो आला आणि म्हणाला, दादा, यंदा मला जमणार नाही. "मी त्याला म्हटलं, पुढे जायचं तर दोघांनी, नाही तर कोणीच नाही. म्हटलं, क्लबात गुडघ्याचं नाव काढलंस तर तू माझा भाऊ नाहीस. त्याने नाही काढलं. मेला तरी नाही काढलं."

"म्हणून काय झालं?" मार्थीझ म्हणाली. "बाबा, दोष तुमच्यावर टाकला त्यांनी."

"मीच त्याला दांडीखाली घातला. आणि यंदा त्याची जागा मॅन्वेल घेतोय." मॅन्वेल म्हणजे सालवू आणि चेट्टाचा मुलगा, तिशीतला, पहिल्यांदाच पुढे. "पायऱ्यांवर त्याच्या पाठीमागे सगळं गाव काय म्हणेल? त्या घरातले गुडघे! काच होती तशी कर."

ती नाही म्हणाली. दोन दिवस भांडण चाललं. तुमचा फोटो, तुमचं नाव, आईने याच दुःखात डोळे मिटले, सगळं बोलून झालं. मी मनात तिच्या बाजूने ओरडत होतो. शेवटी वेन्झू एवढंच म्हणाले, "माझ्याकडे दिवस किती उरलेत? त्याला अजून तीस वर्षं पायऱ्या उतरायच्यात." तिने मला उघडलं. रागाने स्क्रू इतके आवळले की माझं लाकूड चिरलं.

उत्सवाच्या सकाळी निनू आला, मॅन्वेल आला, चेट्टा सूप घेऊन आली. खिडक्या लागल्या. मी पुन्हा खोटं बोललो, या वेळी सगळ्यांदेखत आणि ठरवून. वेन्झू छताकडे बघत म्हणाले, "गुडघा माझाच गेला. सालवू खरं बोलला होता." निनूने त्यांचा हात दाबला, म्हणाला, संध्याकाळी तुमचा फोटो भिंतीवर लागेल. मॅन्वेलने वाकून काकांच्या खांद्यावरच्या घट्ट्याला ओठ टेकवले.

चेट्टा मात्र वर बघत होती. माणसांकडे नाही, वरच्या कोपऱ्याकडे, तपकिरी डागाकडे. जन्म त्या देवळासमोर गेलेला तिचा.

"भाऊजी," ती म्हणाली, "ते घड्याळ..."

"चेट्टा," वेन्झू म्हणाले, "हल्ली तुझ्या सुपात मीठ कमी असतं."

ती बोलायची थांबली. सगळे गेल्यावरही बसून राहिली. जाताना तिने डबा उचलला, झाकण लावलं. नेहमीचं वाक्य ती त्या दिवशी म्हणाली नाही, आणि नंतरही कधी म्हणाली नाही.

वेन्झू फेब्रुवारीत गेले. फोटो भिंतीवर आहे, खाली लिहिलंय, "चूक मान्य करणारा मोठ्या मनाचा माणूस." मार्थीझने सांगितलं मला, टॉवेल टाकताना. त्यानंतर तिने मला पेटवलेलं नाही.

तुम्हा माणसांना एकमेकांवर माया करायची असेल तर खुशाल करा. पण त्या मायेसाठी माझ्या पोटात खोटं का ठेवता? मी चिरलेला, भाजलेला, ओरखडलेला असेन, पण मला एकच काम येतं, जे आहे ते दाखवायचं. तेवढंही तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत. आणि माझी जास्त चिडचिड कशाची होते, सांगू? मला त्या म्हाताऱ्याचा राग धरता येत नाही.

म्हणून एवढंच मागतो. कधी कोणी हा टॉवेल काढून मला पेटवलंच, आणि छतावर ते देऊळ उमटलं, तर पडणाऱ्या माणसाकडे बघू नका. वर बघा, भाजलेल्या कोपऱ्यात. त्या घड्याळात किती वाजलेत ते वाचा. आणि अकरा दहा वाजले नसतील, तर त्याच्याखाली उभ्या असलेल्या माणसाला माझा नमस्कार सांगा.