मानेपर्यंत माती

ग्रहण लागायला अजून अवकाश होता, तरी होन्नकेरीच्या तळ्यामागचा माळ माणसांनी फुलून गेला होता. एरवी पंचायतीच्या सभेला चार टाळकी जमवताना आमच्या शिपायाच्या नाकी नऊ येतात. त्या दिवशी मात्र शेडमकडून, चित्तापूरकडून, पार तांडूरकडून टमटम भरभरून येत होत्या. पौषातली थंडी होती. ग्रहण म्हणून कुणाच्या घरी चूल पेटली नव्हती, चहाची टपरीही बंद होती, त्यामुळे माणसं उपाशी, कुडकुडती आणि म्हणूनच जरा जास्तच भाविक झाली होती.

माळाच्या मधोमध ओळीने खड्डे खणले होते आणि त्यांत मुलं पुरली होती. मानेपर्यंत. लांबून पाहिलं तर मातीवर नुसती डोकी ठेवल्यासारखी दिसत. कुणी रडत होतं, कुणी रडून गप्प झालं होतं. प्रत्येक डोक्याशी एक आई बसली होती, पदराने माश्या वारत. ज्यांचे पाय वळत नाहीत, हात उचलत नाहीत, मान धरत नाही, अशी आसपासच्या सगळ्या तालुक्यांतली मुलं तिथे आणली होती. ग्रहणात पुरली की ती बरी होतात, असं आमच्या भागात माझ्या आजीच्याही आधीपासून म्हणतात.

हा सोहळा चालवणाऱ्या बाबांना लोक ग्रहणअज्जा म्हणत. दोन ग्रहणांच्या मधल्या काळात ते काय करत, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. भगवी लुंगी, वर लोकरी बनियन, गळ्यात रुद्राक्षांचं ओझं आणि हातात कर्णा. "राहू सूर्याला धरतो, तेव्हा भूमाता तोंड उघडते," ते कर्ण्यातून सांगत होते. "वाकडं आत घाला, सरळ बाहेर काढा. डॉक्टरकडे बिल असतं, माझ्याकडे फक्त भूमाता." भूमातेसाठी नारळ, ज्वारी आणि जमलं तर तूप आणायचं असतं, हेही त्यांनी ओघात सांगितलं.

मी हे सगळं माझ्या तीनचाकी स्कूटरवर बसून पाहत होते. मी नीलव्वा. बसस्टँडसमोर माझं शिवणकामाचं दुकान आहे. मला लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायाला कॅलिपर आहे. मी तमाशा बघायला आले नव्हते. आमच्या गल्लीतल्या कस्तुरीची मुलगी सुगला हिला त्या सकाळी पुरणार होते, आणि सुगलाने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं की तिला खड्ड्यात उतरायचं नाही.

सुगला सतरा वर्षांची. जन्मताना अडली, तेव्हापासून हातपाय ताठ, गुडघे पोटाशी घेतलेले. बोलते, पण एकेक शब्द जिभेवर ओढून आणावा लागतो. थांबलं की सगळं कळतं. पण थांबणार कोण? तिने तोंड उघडलं की घरातला कुणीतरी तिचं वाक्य पुरं करून मोकळा होतो, बहुतेक वेळा चुकीचंच. ती माझ्या दुकानात येते तेव्हा गिऱ्हाइकांची अशी काही खिल्ली उडवते की हसून माझी सुई हुकते. गल्लीला ती मुकी वाटते, कारण गल्लीने तिचं एकही वाक्य शेवटपर्यंत ऐकलेलं नाही.

एवढी वर्षं कस्तुरीने तिला पुरली नव्हती. आता मात्र धाकट्या मुलीला बघायला कलबुर्गीचं स्थळ येणार होतं, आणि घरात असली मोठी बहीण दिसली तर स्थळ मोडेल, असं सुगलाच्या मामाच्या, मल्लण्णाच्या, डोक्यात बसलं होतं. त्याने टमटम ठरवली, खड्डा राखून ठेवला, नवी साडीही आणली. फक्त सुगलाला विचारायचं तेवढं राहून गेलं.

टमटम आली. मल्लण्णाने भाचीला दोन्ही हातांवर उचलून खाली आणलं. तिने मान हलवली, तोंड उघडलं. "न..." एवढं निघालं, पुढचं अक्षर यायच्या आत मामा म्हणाला, "घाबरलीय पोर. घाबरायचं नाही, बाळा." कस्तुरी नुसती रडत होती.

मी स्कूटर गर्दीतून रेटत नेली आणि खड्ड्याच्या तोंडाशीच उभी केली. म्हटलं, "तिला नको आहे. ती कालपासून सांगतेय."

मल्लण्णा म्हणाला, "अक्का, हा आमच्या घरचा मामला आहे."

"पाय तिचे आहेत की तुमच्या घरचे?" मी विचारलं.

एवढ्यात अज्जा आले. माझ्या कॅलिपरकडे पाहून त्यांना आयतंच सापडलं. "ही बघा," ते कर्ण्यातून म्हणाले, "हिलाही लहानपणी पुरली होती. पण हिची श्रद्धा कमी पडली. म्हणून लोखंड घालून हिंडतेय." लोक हसले.

"सहा वर्षांची होते मी, अज्जा," मी म्हणाले. "श्रद्धा कमी पडायला आधी ती यावी तरी लागते."

यावरही काही लोक हसले, पण मला हसू आलं नाही. खरंच पुरलं होतं मला. ग्रहण मला आठवत नाही. आठवते ती पापणीवर चढलेली मुंगी. हात मातीत होता, त्यामुळे ती झटकता येईना. श्वास घ्यायला गेलं की छातीवरची माती दाबायची. मला लघवी झाली आणि ती तशीच थंड होत गेली. चहूबाजूंनी घरचीच माणसं होती, सगळी माझ्यावर माया करणारी, आणि त्यांतल्या एकानेही मला बाहेर काढलं नाही. अजूनही कुणी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला की माझा जीव घाबरा होतो.

तेवढ्यात ओळीच्या टोकाला गलका झाला. ग्रहणाचे वेध लागल्यापासून पुरलेल्या शरणूला अज्जांचे चेले बाहेर काढत होते. शरणू नऊ-दहा वर्षांचा, गेल्या ग्रहणात "चालू लागलेला" मुलगा. माळावर लावलेल्या फलकावर त्याचाच फोटो होता. दोघांनी त्याला काखेत धरून वर घेतला आणि पाय जमिनीला टेकवले. एरवी पोटाशी असणारे त्याचे पाय खरोखरच सरळ झाले. मग चेल्यांनी त्याला पुढे झुकवला, तसं एक पाऊल पुढे पडलं, मागोमाग दुसरं. बायका हात जोडून रडू लागल्या, नारळ फुटले. खरं सांगते, क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला.

मग अज्जांनी नेहमीची ताकीद दिली. मुलाला लगेच कांबळ्यात गुंडाळून घरी न्या, उद्या सूर्य उगवेपर्यंत उघडून बघू नका. आणि पाय पुन्हा वळले तर समजा, घरात कुणीतरी ग्रहणात खाल्लं.

मी शरणूच्या आईला, इरम्माला, हाक मारली. म्हटलं, "बाई, हा गेल्या खेपेलाच चालू लागला होता, तर यंदा परत का आणला?"

ती खाली बघत म्हणाली, "माझ्या हातून पाप झालं. तेव्हा याच्या बहिणीला दूध पाजलं मी. तान्ही होती, रडत होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तान्ह्या पोरीला दूध पाजलं म्हणून ही बाई गेलं ग्रहण ते हे ग्रहण स्वतःला पापी समजत जगली होती, आणि तो माणूस लोकरी बनियन घालून शेजारी उभा होता.

सुगला आता खड्ड्याच्या काठावर टेकवलेली होती. तिचा एक हात आतल्या भुसभुशीत थराला लागला होता. ती माझ्याकडे बघून काहीतरी सांगू लागली. मल्लण्णा मध्ये बोलणार, तोच मी त्याला म्हटलं, "तू एकदा तरी गप्प बस." आणि कधी नव्हे ती कस्तुरीही म्हणाली, "दादा, थांब जरा."

सगळे थांबले. बराच वेळ लागला. सुगलाच्या मानेच्या शिरा ताणल्या गेल्या, ओठांतून लाळ आली, कुणीतरी तोंड फिरवलं. पण वाक्य पुरं झालं.

"खत आहे हे," ती म्हणाली. "गरम आहे. गरम अंघोळ झाली की... माझेही पाय सुटतात. अव्वाला माहितेय."

 अव्वाला, म्हणजे कस्तुरीला, माहीत होतंच. रोज तीच अंघोळ घालत होती, मोकळ्या झालेल्या पायांत परकर तीच चढवत होती. घटकाभराने पाय परत आखडतात, हेही तीच बघत होती. पण न्हाणीघरात दिसलेलं आणि माळावर दिसलेलं एकच आहे, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

मी स्कूटरवरून उतरून खड्ड्यात हात घातला. वरचा वीतभर थर गार मातीचा, आणि खाली अर्धकच्चं शेणखत, चांगलं उबदार. थंडीच्या सकाळी उकिरड्यातून वाफ निघताना आमच्याकडचं शेंबडं पोरही बघतं. तेच खत अज्जांनी खड्ड्यात भरलं आणि त्याच्या उबेला भूमातेची माया असं नाव दिलं. इतके शेतकरी जमले होते, पण एकालाही उकिरडा ओळखू आला नाही.

"मग शरणू चालला कसा?" मल्लण्णाने विचारलं.

मी सांगायला लागणार होते, पण सुगलाने मला अडवलं. हे तिला स्वतःला दाखवायचं होतं. "माझ्या पायांवर," ती म्हणाली. "खड्ड्यात नाही. मी सांगेन तेव्हा... थांबायचं."

तिने सांगितलं तसं आम्ही केलं. खड्ड्यातलं खत पोत्यात भरून तिच्या गुडघ्यांवर आणि मांड्यांवर ठेवलं, वर कांबळं टाकलं. अज्जा कर्ण्यातून शापांची यादी वाचत होते, पण लोकांचं लक्ष आता पोत्याकडे होतं. ग्रहण अजून लागलंच नव्हतं, सूर्य चांगला अख्खा होता. बऱ्याच वेळाने सुगलाने मान हलवली. पोतं काढलं, तर तिचे गुडघे सैल पडले होते. कस्तुरीने तिला काखेत धरून उचललं. अधांतरी होते तोवर पाय नुसते लोंबत होते. तळवे जमिनीला टेकले आणि पाय खाडकन ताठ झाले. कस्तुरीने तिला किंचित पुढे झुकवलं. एक पाऊल पडलं.

"हे मी करत नाही," सुगला म्हणाली. "तळवा टेकला की... आपोआप होतं. हेच तर... माझं दुखणं. हात सोडला तर पडेन."

शरणूचं चालणं म्हणजे तेवढंच होतं. ऊब लागली की आखडलेला स्नायू सैल पडतो, आणि तळवा टेकला की आजारामुळेच पाय ताठरतो. उरलेलं काम काखेतले हात करत होते. घटकाभराने ऊब गेली की पाय परत जागेवर. ते कुणाला दिसू नये म्हणून कांबळं होतं, आणि दिसलंच तर दोष द्यायला घरातली बाई होती.

आता लोक शहाणे झाले असतील, असं तुम्हाला वाटेल. एका म्हातारीने पुढे येऊन त्या खताच्या पोत्यालाच कुंकू लावलं. मागून कुणीतरी म्हणालं की पोत्याला गुण आला तो अज्जांच्या खड्ड्यातल्या खताचाच. मी कपाळावर हात मारून घेतला.

सुगलाने खुणेने आईला खाली बसवायला सांगितलं. कस्तुरीने तिला मांडीवर घेतलं. मल्लण्णा अजून घोटाळत होता. हळू आवाजात म्हणाला की पोरीच्या भल्यासाठीच केलं, लोक काय म्हणतील ते बघावं लागतं.  कस्तुरीने लेकीचा चेहरा पुसला आणि जन्मात पहिल्यांदा तिला विचारलं, "सुगला, आता काय करू, तू सांग." आणि ती खरंच थांबली.

सुगला म्हणाली, "आधी... त्यांना काढा."

कस्तुरीने लेकीला माझ्या स्कूटरवर बसवलं आणि गुडघ्यांवर बसून शेजारच्या खड्ड्यातली माती दोन्ही हातांनी उपसायला लागली. त्या मुलाची आई आधी तिच्या अंगावर धावून गेली, मग तीही उपसू लागली. इरम्मा शरणूला कडेवर घेऊन निघून गेली. तिच्याकडून निदान ते दुधाचं पाप तरी काढून घ्यायचं होतं मला, पण तिच्या मागे पळण्याजोगे पाय मला नाहीत.

बरेच खड्डे मोकळे झाले. दोन झाले नाहीत. त्या घरच्यांनी आम्हाला जवळ येऊ दिलं नाही. पुढे ग्रहण लागलं, ऊन फिकं पडलं, अज्जांचा कर्णा परत चढला. त्या दोनांतली एक पोर जेमतेम पाच वर्षांची होती. तिच्या कपाळावर घाम होता, आणि एवढ्या माणसांत ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

ग्रहण म्हणजे चंद्राची सावली. ती येते आणि जाते, कुणाचे पाय कसे आहेत हे तिला कळत नाही. ज्या मुलाला चालता येत नाही त्याला खुर्ची लागते, शाळेला उतार लागतो, ऊब हवी असेल तर घरात गरम पाणी आहे. हे काही नसलं तरी तो माणूस आहे, आणि त्याचं अंग त्याचं आहे. उचलायच्या आधी त्याला विचारा. उत्तराला वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा, आणि तो नको म्हणाला तर त्याला खाली ठेवा.