कॅनॉलच्या वाटेवरची बाबागाडी

मित्रांनो, माझा मूळचा रंग निळा. आता तो कुठेकुठे उरला आहे, एवढंच. माझ्या कापडाला दोन ठिगळं आहेत, त्यातलं एक शाळेच्या जुन्या गणवेशाचं. मागची दोन्ही चाकं तर माझी नाहीतच, ती लहान मुलाच्या सायकलची आहेत. अशी मी एक जुनी बाबागाडी. कडेगावच्या बाजूला एका वस्तीवर, शेळ्यांच्या छपरात माझा मुक्काम असतो. पोरं गाडीत घालून पळणाऱ्या समीक्षाची गोष्ट आमच्या भागात पुष्कळ जण सांगतात आणि त्यात माझं फार कौतुक करतात. त्या कौतुकातलं सगळंच खरं नाही. म्हणून माझी हकीकत मीच सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. नळ्या वाकवल्या, कापड शिवलं, ब्रेक बसवला आणि खोक्यात घालून मला पुण्याला पाठवलं. तिथे मी एका सातव्या मजल्यावरच्या घरात आले. त्या घरातल्या बाळाला कडेवर बसण्याची सवय. लिफ्टने खाली जायचं, बागेत एक फेरी मारायची आणि वर यायचं, एवढाच माझा प्रवास. बाळ चालायला लागलं तशी माझी रवानगी गॅलरीत झाली आणि माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. मी पुष्कळ दिवस तशीच पडून होते.

त्या घरी दिग्विजय नावाचा ड्रायव्हर होता. घरातल्या बाईंनी एकदा त्याला विचारलं, तुझ्या मुलांना ही गाडी चालेल का. तो एवढा खूश झाला की त्याच संध्याकाळी त्याने मला धुऊन पुसून गावाकडे येणाऱ्या टेम्पोत चढवलं. वस्तीवर त्याची बायको समीक्षा, दोन वर्षांचा मल्हार आणि तान्ही राणी होती. त्याचे वडील धुळा मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने बाहेरगावी असत. घरात असे ती त्याची आई, सुलाबाई. तिने मला चारी बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "ह्याला लगाम कुठं हाय?" सगळे हसले. तिच्या काळी धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा तळ, हलला की भांडीकुंडी, कोकरं आणि लेकरं घोड्याच्या पाठीवर बांधून न्यायचे. तिची स्वतःची मुलं अशीच मोठी झाली होती. त्या दिवसापासून घरात माझं नाव पडलं घोडं.

त्याच वर्षी उसाचा हंगाम सुरू झाला. दिग्विजय सुट्टीवर मोटारसायकलवरून घरी येत होता. रस्त्यात उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती आणि तिच्या मागे दिवा नव्हता. तो घरी आला नाही. मित्रांनो, याहून जास्त मला सांगवत नाही.

समीक्षा शाळेत असताना चांगली पळायची, जिल्ह्यापर्यंत गेली होती. वर्ष सरल्यावर तिने पोलीस भरतीला उतरायचं ठरवलं. तिला मुलांना स्वतःच्या पायावर उभं राहून वाढवायचं होतं आणि वयाची अट जवळ येत चालली होती. पण दोन बाळंतपणांनंतर तिला चढावर चालतानाही धाप लागत होती. सुलाबाईला हे काही पसंत पडलं नाही. मुलगा गेला, आता सून नोकरीला लागली की नातवंडांना घेऊन जाईल, मग आपण कुणाच्या तोंडाकडे बघायचं, ही भीती तिच्या मनात घर करून बसली होती. भीती बोलून दाखवणं तिला जमलं नाही. ती एवढंच म्हणाली, "पोरं माझ्यापाशी टाकून पळायला जायाचं न्हाई. जायाचं आसंल तर संगं घिऊन जा."

तिला वाटलं, आता ही गप्प बसेल. पण समीक्षाही काही कमी हट्टी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला बाहेर काढलं, दोन्ही मुलांना आत बसवून पट्टा लावला आणि कॅनॉलच्या कडेच्या कच्च्या रस्त्याला लागली. जुन्या लुगड्याची एक पट्टी तिने माझ्या दांड्याला बांधली आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला, म्हणजे मी हातची सुटले तरी लांब जाऊ नये.

सुरुवातीला आमचे फार हाल झाले. मुरमाच्या रस्त्यावर माझी मागची चाकं पहिल्याच आठवड्यात फुटली. कडेगावच्या सायकल दुकानात तिथल्या माणसाने डोकं खाजवून ही दुसरी चाकं बसवून दिली. समीक्षा तर पहिल्या पुलापर्यंतही दमून जायची. चढावर मी मागे रेटायची, उतारावर पुढे ओढायची, आणि समोरून वारा आला की माझं छत शिडासारखं फुगायचं. रस्त्याने दूध घेऊन जाणारी माणसं मान वळवून बघत. कुणी हसे, कुणी म्हणे बाईचं डोकं फिरलं. ती कुणाला उत्तर देत नसे. उत्तर द्यायला तिच्याजवळ श्वासच उरलेला नसायचा.

हळूहळू बदल दिसू लागला. पहिला पूल मागे पडला, मग पाणी सोडायचं दार, मग त्याच्याही पुढची बाभळीची रांग. मल्हार आत बसून गाणी म्हणायचा आणि राणी झोपून जायची. समीक्षाचा माझ्या मागे ऐकू येणारा श्वास आता एका लयीत चालू लागला. हसणारी माणसं हात वर करून रामराम घालू लागली. मला फार अभिमान वाटत होता. हिला माझ्यामुळेच बळ आलं, असं मी मनाशी धरून चालले होते.

कडेगावला नाथाजी नावाचे निवृत्त हवालदार मुलामुलींची भरतीची तयारी करून घेत. त्यांनी एका रविवारी सगळ्यांची आठशे मीटरची चाचणी घेतली. मी मैदानाच्या कडेला मुलांना घेऊन उभी होते. मला वाटलं, समीक्षा सगळ्यांच्या पुढे असेल. ती शेवटून दुसरी आली. नाथाजींनी तिला बाजूला बोलावून शांतपणे सांगितलं, "पायात बळ लय हाय तुझ्या पोरी. दम बी हाय. पर हात बांधल्यागत पळतीस. रोज गाडी ढकलून वेग येत न्हाई. आठवड्यातनं तीन दिवस गाडी सोडून पळ." समीक्षा म्हणाली, गाडी सोडली तर मुलं कुणाजवळ सोडू.

मग तिने तिच्या परीने वाट काढली. कॅनॉलवर एका जागी मला उभं करायचं, ब्रेक दाबायचा, मनगटाची पट्टी सोडायची आणि पुढच्या पुलापर्यंत पळत जाऊन परत यायचं. पण दर दहा पावलांनी ती वळून आमच्याकडे बघे. मागे बघत पळणाऱ्याला वेग कुठून येणार?

माझ्या ब्रेकमध्ये कितीतरी दिवसांचा चिखल आणि धूळ बसली होती. तेलाचा थेंब कुणी दिला नव्हता. त्याचा दात झिजून गेला होता. इतक्या घाईत ते कुणाच्या लक्षात येणार? एका सकाळी समीक्षा पळत लांब गेली आणि आत मल्हार उड्या मारू लागला. ब्रेक सुटला. मी उताराला लागले, आणि उतार पाण्याकडे होता. कॅनॉल त्या दिवशी भरून वाहत होता. मित्रांनो, मला हात नाहीत, ओरडायला तोंड नाही. कारखान्यातून निघाल्यापासून मला एवढी भीती कधी वाटली नव्हती. अगदी कडेला बाभळीचं एक खोड होतं, त्यात माझं पुढचं चाक अडकलं आणि मी तिरकी होऊन थांबले. राणीला गंमत वाटून ती हसत होती.

समीक्षा धावत आली. दोन्ही मुलांना बाहेर काढून ती तिथेच मातीत बसली आणि त्यांना छातीशी धरून खूप वेळ रडली. त्या दिवशी ती पळत घरी आली नाही. मला ढकलत सावकाश चालत आली आणि तिने बूट काढून छपराच्या वाशात खोचून टाकले. काय झालं ते ती कुणालाच बोलली नाही. पण मल्हारने संध्याकाळी सांगितलंच, "आज्जी, घोडं पाण्यात चाललं हुतं." सुलाबाई शेळीची धार काढत होती. तिचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी समीक्षा चुलीपाशी बसलेली असताना सुलाबाईने वाशातले बूट काढले आणि तिच्या पुढ्यात ठेवले.

"आमी वाट चालायचो तवा घोड्याची दोरी सोडून बाई कवा लांब गेली न्हाई. एक कामाला गेली तर दुसरी दोरी धरायची," ती म्हणाली. "मी धराय पायजे हुती. आजपासनं धरते. तू पळ."

समीक्षाने बूट उचलून मांडीवर घेतले. मग सुलाबाईने इतके दिवस मनात दाबलेलं विचारलं, "पर एक सांग. वर्दी मिळाली की मला हितंच टाकून जाशील काय?"

"आवं आत्या," समीक्षा म्हणाली, "कामावर गेल्यावर पोरं कुणापाशी ठिवू? तुमी यायलाच पायजे माझ्यासंगं."

त्या सकाळी लुगड्याची पट्टी सुलाबाईच्या मनगटाला बांधली गेली. ती मला ढकलत शेळ्यांच्या मागून चालू लागली आणि समीक्षा मोकळ्या हातांनी पुढे निघाली. खोटं कशाला बोलू, तिचे हात माझ्यावरून निघाले तेव्हा मला वाईट वाटलं. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी नेहमी तिच्या पुढे असायची, त्यामुळे आजवर मी तिचा नुसता श्वास ऐकला होता. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा पळताना पाहिलं. ती एकदाही मागे वळली नाही. बघता बघता ती बाभळीच्या रांगेपलीकडे गेली. तिथवर जायला मला आणि सुलाबाईला बराच वेळ लागला.

सांगलीला मैदानी चाचणी झाली तेव्हा मी फाटकाबाहेर होते. सुलाबाई माझा दांडा धरून उभी होती आणि शिट्टी वाजली की तिची पकड घट्ट होई. समीक्षा बाहेर आली, घामाने चिंब भिजलेली. तिने सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं. काही महिन्यांनी निवड झाल्याचं कळलं. ती प्रशिक्षणाला गेली त्या दिवशी राणीने तिचा पदर सोडला नाही, फार आकांत केला. नातवंडं जातील म्हणून जी बाई घाबरत होती, तिच्याच भरवशावर आई मुलं ठेवून गेली. सुलाबाईने ती फुलासारखी जपली. पुढे समीक्षाची आष्ट्याला नेमणूक झाली आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे तिने सासूलाही बरोबर नेलं.

मुलं आता चालती बोलती झाली, त्यामुळे मी वस्तीवरच राहिले. छपरात माझ्यात कोंबडी अंडी घालू लागली. पाऊस गळून नळ्यांना गंज चढला. कामाची वस्तू अशी पडून राहिली की तिला आतून खंत लागते. मग गेल्या महिन्यात शेजारची राजेश्वरी आली. तिचं बाळ वर्षाचं आहे. तिला भरतीबिरती काही द्यायची नाही, अंगातली ताकद परत यावी एवढंच तिचं म्हणणं. समीक्षा तेव्हा सुट्टीवर आली होती. तिने आधी मला घासून धुतलं, ब्रेक नवा बसवून घेतला, चाकांना तेल दिलं आणि मग राजेश्वरीला सांगितलं, गाडी खुशाल ने, पण एकटी जाऊ नकोस. काल सकाळी राजेश्वरीचा नवरा शिवतेज मला ढकलत होता. दूधवाले हसले तसे त्याचे कान लाल झाले, पण त्याने दांडा सोडला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा. माझ्या ब्रेकला वेळेवर तेल मिळालं असतं तर दोन लेकरांच्या जिवावर बेतलं नसतं. पण माझी खरी विनंती दुसरी आहे. तुमच्या आईलाही कधीतरी मोकळं पळावंसं वाटत असेल, तिला एकदा विचारून बघा. ती हो म्हणाली तर तिच्या हातातलं काम थोडा वेळ तुम्ही धरा आणि तिला जाऊ द्या.