थंड केलेली पानं

मंगळवारी दुपारी कमरोद्दीन मास्तरांनी कपाटातली हिरवी फाइल उघडली आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण भलताच गठ्ठा मशिदीच्या पोत्यात टाकला.

फाइलमध्ये पक्की प्रत असायला हवी होती. बोरूनं, काळ्या शाईत, एकसारख्या ओळींत उतरवलेली दोनशे चौदा पानं. हाताला लागला तो कच्चा मसुदा, बॉलपेननं लिहिलेला, खाडाखोडीचा. समोर खुर्चीत बसवंतराव चहाची वाट बघत होते. ते उद्याच्या गाडीनं लेकीकडं हैदराबादला निघाले होते आणि प्रत तिथल्या छापखान्यात पोचवणार होते.

"काय झालं मास्तर? पाल बघितल्यावानी करायलात."

मास्तरांनी सांगितलं. बसवंतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

कमरोद्दीन मास्तरांचं वय एकोणऐंशी. सेलूच्या उर्दू शाळेत त्यांनी एकतीस वर्षं शिकवलं आणि उरलेल्या वेळात सहा पुस्तकं लिहिली. नमाजेत भरकटणारं मन, रोज्यातली भूक, शेजाऱ्याचा हक्क असे विषय. पुस्तकं लहान, भाषा साधी. बिदर-गुलबर्ग्याहून अनोळखी माणसांची पत्रं यायची. सातवं पुस्तक सब्रावर होतं, म्हणजे दुःख कसं सोसावं यावर. बायको झुबेदा गेल्यापासून तीन वर्षं ते हेच लिहीत होते. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, उजवा हात कापायला लागला होता. पुन्हा दोनशे पानं उतरवणं आता व्हायचं नव्हतं.

त्यांची लिहायची रीत ठरलेली होती. रोज दुपारी कच्चं पान बसवंतरावांना वाचून दाखवायचं, मराठीत अर्थ सांगायचा. कापडदुकान मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेले बसवंतराव लिंगायत. उर्दूचं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, पण ते ऐकून "पटलं" किंवा "न्हाई पटलं" एवढंच म्हणायचे. मग पक्कं उतरवायचं. कच्च्या पानांवर अल्लाचं नाव असतं, ती रद्दीत विकायची नाहीत, चुलीत घालायची नाहीत. अशी पानं मशिदीच्या ओसरीवरच्या पोत्यात ठेवतात आणि पोती वर्षातून दोनदा नदीत सोडतात. याला पानं थंड करणं म्हणतात. शुक्रवारी मास्तरांनी दोन्ही गठ्ठे झुबेदाच्या एकाच ओढणीच्या तुकड्यांत बांधले होते. त्यातला एक पोत्यात गेला.

मास्तरांनी ओसरीवर जाऊन बघितलं. पोत्यांची खुंटी रिकामी होती. पोती तासाभरापूर्वीच टेम्पोत गेली होती. उन्हाळ्यात दुधनेला पाणी नसतं, म्हणून थेट सोनपेठच्या रस्त्याला, गोदावरीवर. मशिदीची देखभाल करणारे रशीदभाई सोबत होते आणि या कामाला जाताना ते अदब म्हणून फोन बंद ठेवत.

"चला," बसवंतराव म्हणाले. "माझी गाडी हाय."

"तुमी चालवणार?"

"मग तुमी चालवता का, एका डोळ्यानं?"

पाथरीपर्यंत बसवंतरावांनी गाडी चाळीसच्या वर नेली नाही. मागून येणारी प्रत्येक एसटी भोंगा वाजवून पुढं जात होती. कच्चा मसुदा मास्तरांच्या मांडीवर होता.

"एक सांगा," बसवंतराव म्हणाले. "सगळं तर मी ऐकलंय. कच्चं हातात हाय. छापखानेवाला तुमचं अक्षर वळखतो. मग एवढा जीव काउन जायलाय?"

मास्तरांनी बाहेर बघितलं. उसाच्या ट्रॉल्या, पुन्हा उसाच्या ट्रॉल्या.

"सगळं न्हाई ऐकलं तुमी. मधली नऊ पानं मी काढून टाकली. त्या जागी चाळीस पानांचं नवं प्रकरण घातलं. ते थेट पक्क्यात लिहिलं. त्याचं कच्चं न्हाई."

"कोणती नऊ पानं?"

"परभणीच्या दवाखान्याची."

बसवंतरावांनी गाडी कडेला घेतली. ती पानं त्यांना आठवत होती. झुबेदाच्या उशाशी काढलेल्या अकरा रात्री. आणि त्यानंतरचे तीन महिने, ज्यांत मास्तर मशिदीत जायचे, रांगेत उभे राहायचे, वाकायचे, पण आत एक शब्द उमटत नव्हता. सब्र कर म्हणणाऱ्या प्रत्येकाचा राग यायचा. आपलीच पुस्तकं कपाटात दिसली की तोंड फिरवावंसं वाटायचं. हे सगळं त्यांनी लिहिलं होतं.

"आणि नव्या प्रकरणात काय हाय?"

"सब्राचे दर्जे. बुजुर्गांचे दाखले. जसं असायला पाहिजे तसं."

"मला वाचून दाखवलं न्हाई."

"तुमी म्हणला असता, न्हाई पटलं."

"म्हणलोच असतो." बसवंतरावांनी गाडी पुन्हा सुरू केली. थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "मास्तर, खरं सांगू का? निम्म्या पानांना मी चहासाठी पटलं म्हणायचो. त्या नऊ पानांच्या दिवशी चहा तसाच गार झाला होता."

ते गोदावरीच्या पुलाखाली पोचले तेव्हा टेम्पो रिकामा होता. रशीदभाई काठावर हातपाय धूत होते. अर्ध्या तासापूर्वी होडी मध्यावर नेऊन दगड बांधलेली पोती सोडली होती. भलताच गठ्ठा गेल्याचं मास्तरांनी सांगितलं तसे ते ओल्या हातांनीच वर आले.

होडीवाला भोई दत्तराव सगळं ऐकत होता. "काढू का वर?" तो म्हणाला. "दोन पुरुष पाणी हाय. पोती कुठं सोडली मला ठाव हाय. गठ्ठा घट्ट बांधलेला आसंल तर मधली पानं वली पण झाली नसतील."

"थंड केलेलं वर काढत नसतात," रशीदभाई हळूच म्हणाले. मग मास्तरांकडं बघून म्हणाले, "पण तुमी हो म्हणा मास्तरसाब. गुनाह माझ्या डोक्यावर."

"काढ रे," बसवंतराव म्हणाले. "न्हाई पटलं तरी त्यांची तीन वर्षं हायती." दत्तरावनं सदरा काढून होडीत टाकला.

मधली पानं. चाळीस पानांचं प्रकरण नेमकं मध्येच होतं. मास्तर पाण्याकडं बघत राहिले. ते प्रकरण लिहिताना हात एकदाही अडखळला नव्हता. उतरवायला आठ दिवस लागले, एका शब्दाची खाडाखोड नाही. नऊ पानांना पाच महिने लागले होते.

"राहू द्या," ते म्हणाले.

"मास्तर, इचार करा. परत लिहिता यायचं न्हाई."

"म्हणूनच राहू द्या."

दत्तरावनं सदरा परत अंगात घातला.

मास्तर पायरीवर बसले आणि मांडीवरचा मसुदा सोडला. नऊ पानं त्यांना बोटांनीच सापडली. प्रत्येकावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल पेन्सिलीची रेघ होती, कागदात रुतलेली. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पहिल्या पानाच्या समासात छापखान्यासाठी दोन शब्द लिहिले. मग दुसऱ्या पानावर तेच. नऊ पानं व्हायला वेळ लागला. रशीदभाईंनी वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून दोन्ही हातांनी धरले होते.

"काय लिव्हलं?" बसवंतरावांनी विचारलं.

"हे ठेवा."

बसवंतरावांनी मान हलवली. "लोक इचारतील तुमाला. सहा पुस्तकं लिव्हणारा माणूस आन् असं?"

"इचारतील."

"मग काय सांगताल?"

मास्तरांनी गठ्ठा ओढणीत गुंडाळला, गाठ मारली आणि त्यांच्या हातात दिला. "उद्याची गाडी किती वाजता हाय?"